घर ऐकते

आंजी मोठी या गावातल्या कोणालाही विचारा, आनंदाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही असंच तो सांगेल. बाई लाखात एक, हाताला चव, मनानं साफ. पण कानावर काही पडलं की विहिरीवरून घरी येईस्तोवर चार जणींना सांगून मोकळी. अशा बाईच्या पदरात देवानं एक गुपित टाकावं, आणि तेही सासूसुनेच्या भांडणाचं नाही, साऱ्या देशाचं, म्हणजे देवाची पण कमालच म्हणायची.

एकाहत्तर सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती आणि कापसाची वेचणी ऐन भरात होती. बंगालकडं काहीतरी पेटतंय, तिकडून माणसांचे लोंढेच्या लोंढे आपल्या मुलखात येतायत, लढाई होणार की नाही, एवढ्या बातम्या गावात रेडिओवरून येत होत्या. आनंदाबाईचा एकुलता एक पोरगा ओमप्रकाश फौजेत होता आणि त्याची पलटण तिकडंच होती. त्यामुळं रेडिओ लागला की ती हातातलं काम टाकून दाराशी येई.

एका दुपारी अल्लीपूरचा लहानू दारात उभा राहिला. तो ओमप्रकाशच्याच पलटणीतला. डावा हात झोळीत बांधलेला, तोंड उतरलेलं. आनंदाबाईचा नवरा चंद्रभान शेतावर गेला होता. तिनं लहानूला चहा दिला आणि समोर बसली.

"ओमप्रकाश बरा हाय काकी," लहानू म्हणाला. "त्यानंच पाठवलं मले. मायले सांगजो म्हणे, काळजी नको करू."

"हाताले काय झालं तुह्या?"

"लागलं."

"कुठी लागलं?"

लहानूनं कपाकडं पाहिलं. आनंदाबाईनं पुन्हा विचारलं नाही. नुसती बघत राहिली, आणि पोरगा किती वेळ टिकणार तिच्यापुढं?

"नदीपलीकडं गेलतो आम्ही," तो हळूच म्हणाला. "त्यांच्या मुलखात."

"मंग लढाई सुरू झाली?"

"नाई ना. तेच तं सांगून राह्यलो काकी. लढाई सुरू झाली नाई, अन् आम्ही तिथं गेलोच नाई. समजलं? मले लागलं म्हणून मी इकडं आलो. ओमप्रकाश अजून तिकडंच हाय." मग त्यानं तिचे दोन्ही हात एका हातात धरले. "कोनाजवळ बोलजो नको. हे भाईर गेलं तं तिथल्या पोरायचं काही खरं नाई. अन् चंद्रभानकाकाले तं बिलकुल नाई."

चंद्रभानकाकाला का नाही, हे सांगायची गरजच नव्हती. चंद्रभान बेचाळीस साली थोडे दिवस तुरुंगात जाऊन आलेला, टकळीवर सूत काढणारा, खरा माणूस. पण मारुतीच्या पारावर बसला की त्याला तोंड आवरत नसे. रोज संध्याकाळी ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन तो मिशीवरून हात फिरवी आणि म्हणे, "माहा पोरगा आतापावतर ढाक्याच्या वेशीवर पोचला असन." सगळे हसत. तोही हसे. आपण खऱ्याच्या किती जवळ बोलतोय याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नव्हता. आता हे आनंदाबाईला कळलं, आणि त्या दिवसापासून पारावरचं हसू ऐकू आलं की ती दार लोटून घेऊ लागली.

तिनं बोलणंच टाकलं. विहिरीवर घागर भरायची आणि निघायचं. जाऊ भागीरथा म्हणाली, "जिभेले फोड आला का बाई तुह्या?" तर आनंदाबाई नुसती हसली. तिला स्वतःचीच भीती वाटत होती. एकदा तोंड उघडलं की कोणता शब्द कोणत्या शब्दाला ओढून आणेल याचा तिला भरवसा नव्हता.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आनंदाबाईच्या सासूनं तिला लग्न होऊन आल्या आल्या शिकवलं होतं, की घर ऐकते. घरात वंगाळ बोलायचं नाही, आणि दिवेलागणीला तर नाहीच. आपण जे बोलू त्याला घर तथास्तु म्हणते. तेव्हापासून तिच्या घरी मीठ कधी संपलं नाही, ते वाढलं. बांगडी कधी फुटली नाही, तीही वाढली. ओमप्रकाश फौजेत निघाला तेव्हा दाराबाहेर पाऊल टाकता टाकता घाईत "जातो माय" म्हणाला, तर तिनं त्याला पेटीसकट परत आत घेतलं. तिकडं गाडी भोंगा वाजवतेय, चंद्रभान ओरडतोय, आणि ही बाई दार अडवून उभी. "येतो म्हण." पोरगा हसून "येतो" म्हणाला तेव्हा कुठं तिनं वाट सोडली. चंद्रभान या सगळ्याची टिंगल करी. पण मीठ संपलं असं त्या घरात तोही कधी म्हणाला नव्हता.

आठवडाभरात गावात जीप आली. नायब तहसीलदार प्रभाकरराव स्वतः उतरले आणि चंद्रभानच्या ओसरीवर येऊन बसले. परदेशातून तीन पाहुणे येणार होते. सकाळी सेवाग्राम पाहतील, दुपारी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जेवतील. त्यांच्यातल्या बाईंची तशी इच्छा होती. चंद्रभानचं घर निवडलं होतं, कारण माणूस जुना सूतवाला, घर सारवलेलं, आणि मुख्य म्हणजे गावात संडास असलेली घरं मोजकीच, त्यांतलं हे एक.

"देश लहानसाच आहे," प्रभाकरराव म्हणाले, "पण जगाच्या पंचायतीत त्यालाही एक मत आहे. उद्या तिथं आपला विषय निघाला तर एकेक मत मोलाचं. पलीकडचे लोक सांगत सुटलेत की भारताची फौज आधीच आत घुसली आहे. आपली माणसं देशोदेशी जाऊन सांगतायत की असं काही नाही, आम्हाला लढाई नको, आमच्यावर लाखो निर्वासितांचं ओझं पडलंय ते बघा. आता या तिघांनी परत जाऊन काय सांगायचं, ते ठरवायला ते आलेत. म्हणून तुमच्या घरी एकही शब्द इकडचा तिकडं होता कामा नये. आपण खोटे ठरलो तर कोणी पाठीशी उभं राहणार नाही."

चंद्रभानची छाती फुगली. दाराआड उभ्या आनंदाबाईला मात्र लहानूचं बोलणं आठवलं. जगाला नाही म्हणून सांगितलेलं, ते खरं तिच्या पोटात होतं. ते या घरातून बाहेर पडलं, तर साऱ्या जगापुढं देश खोटा ठरणार, आणि मग सगळे मिळून म्हणणार, मागं फिरा. आणि नदीपलीकडं जी पोरं आहेत, त्यांना कोण आणणार? जी तिथं नाहीतच, त्यांना आणायला कोण जाईल?

"माहा पोरगा फौजेत हाय जी," चंद्रभान म्हणाला.

प्रभाकररावांच्या कपाळाला आठी पडली. "विचारलंच तर सांगा, आपल्या हद्दीत आहे, राखणीला आहे. जास्त फोड करू नका."

"फोड कायची जी? मी का लहान हाय?"

लहान असता तर बरं झालं असतं, असं आनंदाबाईच्या मनात आलं. लहान पोराला दटावता तरी येतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी तिनं भिंतीवरचा ओमप्रकाशचा वर्दीतला फोटो काढला. फोटो दिसला नाही तर कोणी विचारणार नाही, एवढाच तिचा हिशोब. कुठं ठेवावा कळेना, म्हणून ज्वारीच्या कोठीत ठेवला, पण तोंड वर करून. पालथा ठेवायला तिचा हात धजला नाही. वर दोन मुठी ज्वारी पसरली आणि लगेच हातानं पुन्हा बाजूला सारली. पोराचं तोंड मोकळं राहिलं तेव्हा कुठं तिनं झाकण लावलं.

मग ती चुलीपुढं बसली. पुरणाच्या पोळ्या, कढी, वांग्याची भाजी बिनतिखटाची, भात, वरण. भागीरथा मदतीला आली होती. "एवढी कशापायी थरथरून राह्यली वो? माणसंच तं हायत," ती म्हणाली. आनंदाबाईच्या हातून पोळी दोनदा तव्यावर फाटली. आयुष्यात कधी फाटली नव्हती.

दुपारचे पाहुणे यायला संध्याकाळ झाली. वाटेत जीपचं चाक बसलं होतं. सूर्य बुडाला, तिनं देवापाशी दिवा लावला, हात जोडले, आणि त्याच वेळी अंगणात गाडी थांबली. दिवेलागणीला माणसं दारात म्हणजे एरवी लक्ष्मीच. त्या दिवशी मात्र तिनं आधी कोठीचं झाकण दाबून पाहिलं.

तिघं आले. दोन पुरुष, त्यांतल्या एकाच्या हातातलं पेन खाली म्हणून ठेवलं जाईना. तिसरी पांढऱ्या केसांची, ठेंगणी, गोड चेहऱ्याची बाई. भाषा सांगायला वर्ध्याच्या कॉलेजातल्या सुधाताई होत्या. सतरंजीवर सगळे मांडीला मांडी लावून बसले. त्या बाईंनी पुरणाची पोळी तुपात बुडवून खाल्ली आणि डोळे मिटून घेतले. प्रभाकररावांचा जीव भांड्यात पडला. चंद्रभाननं टकळी काढून दाखवली, सूत काढून दाखवलं, पेनवाल्यानं ते लिहून घेतलं. सगळं कसं छान चाललं होतं. आनंदाबाई वाढता वाढता मनात म्हणत होती, आता उठा, पान झालं, हात धुवा, उठा.

पाहुण्या बाईंनी तिच्याकडं बघून काहीतरी विचारलं.

"मुलंबाळं किती, विचारतायत," सुधाताई म्हणाल्या.

चंद्रभाननं घास खाली ठेवला. त्याचा डावा हात मिशीकडं गेला. आनंदाबाईनं तो हात पाहिला. त्या हातामागून कोणतं वाक्य येतं ते तिला तोंडपाठ होतं. प्रभाकररावांनी सांगितलेलं तो विसरला नव्हता. पण पाहुणे समोर, पोटात पुरणपोळी आणि पोराचा विषय, एवढं जुळून आल्यावर चंद्रभान चंद्रभानच होता. पारावरचे लोक हसायचे. पेनवाला हसणार नव्हता.

"आमचा ओम..."

"नाई," आनंदाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. तुपाची वाटी हातात घेऊन ती उभी होती. आपण काय बोलणार हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आहे म्हटलं तर कुठं आहे हा सवाल येणार. त्याचं नाव जिभेवर आलं की नदीही येणार, लहानूचा हातही येणार, सगळं भडाभडा येणार, हे तिला पक्कं माहीत होतं. मागं एकच शब्द सुरक्षित उरला होता.

"आमाले पोरगा नाई," ती म्हणाली. "पोरगा नाई, पोरगी नाई. आम्ही दोघंच हाओत."

देवापाशी दिवा जळत होता. चंद्रभानचा मिशीवरचा हात तसाच राहिला. प्रभाकररावांनी पानात मान घातली. सुधाताईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि ते वाक्य परक्या भाषेत सांगितलं. पेनवाल्यानं तेही लिहून घेतलं.

पांढऱ्या केसांच्या बाई उठून तिच्यापाशी आल्या. तिचा तुपकट हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. सुधाताई जरा अडखळल्या.

"म्हणतायत, त्यांच्या गावी देऊळ आहे. तिथं त्या तुमच्या नावानं मेणबत्ती लावतील. देवानं तुम्हाला मुलगा द्यावा म्हणून."

पंचेचाळिशीची आनंदाबाई मान खाली घालून उभी राहिली. स्वयंपाकघराच्या दारात भागीरथानं तोंडात पदर कोंबला. हसू आलं होतं की दुसरं काही, ते तिचं तिलाच माहीत.

जीप गेली. धूळ खाली बसली. आणि मग आनंदाबाईला भीती वाटली ती खरी. तोवरची भीती म्हणजे काहीच नव्हतं. दिवेलागणीची वेळ. लावलेला दिवा. मोठ्या आवाजात, चार माणसांसमोर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडानं. घरानं ऐकलं होतं. ती आढ्याकडं बघत राहिली. तिथं नुसता अंधार होता. पण आपली सासू तिथं कुठंतरी बसून कपाळावर हात मारून घेतेय असं तिला वाटलं.

"काऊन बोलली?" चंद्रभान मागून म्हणाला. त्याचा आवाज फार बारीक झाला होता. "साहेबानं सांगतलं होतं, राखणीले हाय म्हणून सांगा. तूनं जित्या पोराले..." तो थांबला. पुढचं वाक्य त्या घरात पुरं करायची त्याचीही छाती झाली नाही. मग त्याची नजर भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यावर गेली. "फोटोबी काढला. म्हंजे आधीपासूनच ठरवलं होतं तूनं."

ती काय सांगणार? सांगितलं असतं तर त्याच क्षणी तो शहाणा झाला असता आणि उद्या पारावर सांगून आला असता. चंद्रभाननं घोंगडी उचलली आणि गोठ्यात जाऊन झोपला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेना. पान वाढलं की जेवायचा, आणि उठायचा.

डिसेंबर लागला आणि लढाई खरीच सुरू झाली. पारावर माणसं मावेनात. आता ओमप्रकाश पलीकडं आहे हे सांगायला हरकत नाही असं कोणालाही वाटेल. पण आनंदाबाईचं भय उलट वाढलं. लढाईच्या आधी तो तिथं होता, हे तर आजही गुपितच होतं ना! आणि तथास्तु म्हटलेलं घर आता ते खरं करायला बसलं होतं. सायकलची घंटी वाजली की ती दाराआड जाई. पोस्टमन दारावरून पुढं गेला की ती जमिनीवर बसे आणि तिथंच बसून राही. अल्लीपूरकडं कोणाकडं तरी तार आली असं ऐकलं आणि दोन दिवस ती जेवली नाही. तिनं पोराला नाही म्हटल्याचा गावात तर बोभाटा होऊनच गेला होता. भागीरथानं सांगितलं असेल, नाहीतर आणखी कोणी. बाया तिला पाहून बोलायच्या थांबत. जिनं जन्मभर गावाच्या गोष्टी गावाला पुरवल्या, तिची गोष्ट आता गाव एकमेकांना पुरवत होतं.

दिवेलागणीला ती एकटीच घरातून फिरे. माजघरात, स्वयंपाकघरात, आणि ज्यात फोटो अजून तसाच होता त्या कोठीपाशी. "मले पोरगा हाय," ती हळूच म्हणे. "ओमप्रकाश नाव हाय त्याचं." पण ते पुटपुटणं झालं. नाही म्हणताना ती चांगली खणखणीत बोलली होती.

शेवटी ती मारुतीच्या देवळात प्रेमदासकडं गेली. प्रेमदास भजन करी, कोणाचं काही अडलं तर दोन शब्द सांगे. तिनं कोणाचं नाव न घेता विचारलं, बोललेलं वापस घेता येते का.

"येते ना," प्रेमदास म्हणाला. "पण ज्याच्याबद्दल बोलली, त्याच्या कानावर घालून वापस घ्या लागते. त्यानं आयकलं पाह्यजे. दुसरा उपाय नाई माय."

ती पायरी उतरताना खांबाला धरून उभी राहिली. म्हणजे शब्द मागं घ्यायला पोरगा जिवंत हवा, आणि पोरगा जिवंत राहायला शब्द मागं घ्यायला हवा. ही गाठ कुठून सोडवायची ते तिला काही कळेना. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. देवळामागं, कापसाच्या पऱ्हाट्यांत उभी राहून.

लढाई संपली. आपण जिंकलो. गावात गुलाल उधळला गेला. थोड्या दिवसांनी प्रभाकरराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्या लहानशा देशानं जगाच्या पंचायतीत आपल्या विरुद्ध हात वर केला नव्हता. गप्प राहिला होता, आणि त्या वेळी गप्प राहणंही मोठं होतं.

"मोठी माणसं मोठ्या ठिकाणी बोलली म्हणून हे झालं," प्रभाकरराव म्हणाले. "पण तुमच्या घरच्या पंगतीचाही वाटा आहेच. वहिनींनी त्या दिवशी वेळ मारून नेली."

चंद्रभाननं बायकोकडं पाहिलं. साहेबाला खूश करायला हिनं पोराला पुसून टाकलं, असं त्या नजरेत लिहिलेलं होतं. त्यानं पेढा हातात घेतला आणि न खाताच बाजूला ठेवला.

"साहेब, माहा पोरगा कुठी हाय, तेवढं सांगता का?" आनंदाबाईनं विचारलं.

प्रभाकरराव घुटमळले. "चौकशी करतो," म्हणाले. आणि गेले.

संक्रांत गेली. शिवरात्र गेली. कोणाकडून काही निरोप नाही. लहानूही पलटणीत परतला होता. हरभरा काढायला आला. आनंदाबाई सकाळी घर सारवायची, आणि संध्याकाळी परत सारवायची, जसं काही त्या सारवणाखाली तो शब्द बुजणार होता.

आणि एका दुपारी अंगणात पेटी ठेवल्याचा आवाज झाला.

ओमप्रकाश उभा होता. काळा पडलेला, गालफडं बसलेली, पण दोन पायांवर उभा. ती ओसरीवर आली आणि तिथंच थांबली. पोरगा हसला नाही.

"आत येऊ का माय?" तो म्हणाला. "गाडीवरून उतरलो तं पारावरचा तानबा भेटला. म्हणे, तुह्या मायले पोरगाच नाई, साऱ्या जगाले सांगतलं तिनं. मंग मी कोनाच्या घरी आलो?"

ती आत पळाली, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओवाळताना निम्मं पाणी पोराच्या बुटांवर सांडलं. गोठ्यातून चंद्रभान आला. पोराला पाहून जागच्या जागी खिळला.

"लहानू आलता," ती म्हणाली. "दिवाईच्या नंतर. त्यानं सांगतलं, तू नदीपलीकडं हाय. लढाईच्या आधी. कोनाले सांगजो नको म्हणे. मंग ते पाहुणे आले, लिहून घेत होते सारं. तुहा बाप मिशीवर हात ठेवून बोलाले लागला. मी काय करू? हाय म्हटलं असतं तं कुठी हाय ते विचारलं असतं. माह्या तोंडाचं तुले ठाऊक नाई का?"

ओमप्रकाश पेटीवर बसला. बुटांवरचं पाणी त्यानं हातानं झटकलं.

"आमाले नदीच्या काठावर साहेबानं उभं केलं," तो म्हणाला. "बिल्ले काढा, नावाचे कागद काढा, सारं इथं ठेवा. तिथं धरल्या गेले तं तुम्ही आपले नाई. कोनी विचारलं तं आम्हीबी नाईच म्हणू. असं सांगतलं, अन् मंग नावेत बसवलं."

"सरकारबी नाई म्हणणार होतं?"

"सरकारबी."

"मंग मी काय वायलं बोलली?" आनंदाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा चढला.

चंद्रभान खांबाला टेकून खाली बसला. "मले काऊन नाई सांगतलं?" त्यानं विचारलं. पण विचारता विचारताच त्याचा हात मिशीकडं निघाला होता. तो त्यानं वाटेतच थांबवला आणि मांडीवर ठेवला. डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं, आणि ते त्यानं पुसलंही नाही.

आनंदाबाईनं पोराला उठवलं. दंडाला धरून दारात आणलं, उंबऱ्याच्या अलीकडं उभं केलं.

"नीट आयकजो," ती त्याला म्हणाली. मग घराकडं तोंड करून, भागीरथाच्या अंगणापर्यंत जाईल एवढ्या आवाजात बोलली, "हा माहा पोरगा हाय. मले पोरगा हाय. आयकलं का?"

"आयकलं," ओमप्रकाश म्हणाला. घर काय म्हणालं ते घरालाच ठाऊक.

तो जेवायला बसला. तिनं कोठीतून फोटो काढून ज्वारीची फोलं झटकली आणि खिळ्यावर लावला. पाहुण्या बाईच्या मेणबत्तीची गोष्ट सांगितली तेव्हा पोरगा हसला, बापही हसला. "मागतलं तिनं, अन् देल्लं देवानं," आनंदाबाई म्हणाली. मग तिनं दुसरी भाकर वाढायला घेतली तर ओमप्रकाशनं हात आडवा धरला.

"तूनं वापस घेतलं माय," तो म्हणाला. "सरकारनं अजून घेतलं नाई. आमच्यातला एक तिकडंच राह्यला. लढाईच्या आधीच. माह्या बाजूले होता. त्याच्या मायले सांगतलं, इकडच्या काठावर अपघात झाला. तिले बिचारीले ठाऊकच नाई तो कुठी हाय."

भाकरी तिच्या हातातच राहिली. बाहेर गुरं परतत होती, उजेड उतरायला लागला होता. ती उठली, हात धुतले, देवापाशी दिवा लावला.

"त्याचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

ओमप्रकाशनं सांगितलं. गावही सांगितलं.

आनंदाबाईनं दिव्याकडं बघत ते नाव घेतलं. मोठ्यानं, खणखणीत, घराला ऐकू जाईल असं. "तोबी होता," ती म्हणाली. "नदीपलीकडं होता. आयकून ठेव."

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली, विहिरीवरच्या गोष्टी घरोघर नेऊ लागली, भागीरथाशी भांडली, सुनेच्या माहेरच्या भानगडी साऱ्या आंजीला सांगितल्या. रोज दिवा लावताना मात्र ती ते नाव घेई, घराला ऐकू जाईल पण माणसाच्या कानावर पडणार नाही एवढ्याच आवाजात. सुनेनं विचारलं तरी ते कोणतं हे तिनं सांगितलं नाही. म्हणून आपल्यालाही ते ठाऊक नाही.